साडेअठरा मिनिटं कुणीच अडकलं नव्हतं

मित्रांनो, बाईला वय आणि लोखंडाला वजन विचारू नये म्हणतात. मी दोन्ही आपणहून सांगते. वजन साडेसहाशे किलो, वय अडतीस वर्षं. मी लिफ्ट आहे.

आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण कुठे ना कुठे हिंडलेले असतात. छत्री रस्ते पाहते, नाणं हातोहात फिरतं. मी कुठेच गेले नाही. माझ्या आयुष्यात दोनच दिशा आहेत, आणि दोन्हींच्या टोकाला भिंत आहे. अशा आयुष्याची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला बसले, तर 'वर गेले, खाली आले' यापलीकडे तुमच्या हाती काही लागणार नाही. म्हणून मी ती दुसऱ्या रीतीनं मांडते. ही रीत मला गणिताच्या एका बाईंनी दिली. त्यांनी ती माझ्या भिंतीवर खडूनं काढली होती.

एक उभी रेघ ओढायची. रेघेच्या डावीकडे दशकाचा आकडा लिहायचा. ते खोड. उजवीकडे एककाचा आकडा. ते पान. एका खोडाला कितीही पानं. म्हणजे ३ | ७ असं लिहिलं की समजायचं, मी सदतीस वर्षांची असतानाची गोष्ट.

० | ० १

माझे पत्रे एका कारखान्यात कापले, पण मला जोडलं ते इथेच, या खड्ड्यात. लोकांना वाटतं, मला बाहेरून आणून आत बसवलं. तसं नाही. मी आत आलेच नाही, मी आतच तयार झाले. माझी मागची बाजू विटांच्या भिंतीपासून चार बोटांवर आहे. मी बाहेरून कशी दिसते, हे मला आजही माहीत नाही.

पहिल्या दिवशी माझं फार कौतुक झालं. चौथ्या मजल्यावरची एक म्हातारी आत आली, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि उतरायलाच तयार होईना. चार वेळा वर, चार वेळा खाली. शेवटी तिची सून म्हणाली, "आई, घर आलं." म्हातारी म्हणाली, "घर रोजच येतं गं."

मला चालवायला एक तरुण माणूस ठेवला होता. सगळे त्याला भाऊ म्हणत. माझ्यात बटणं नव्हती, पितळी मूठ होती. ती उजवीकडे फिरवली की मी वर जायची, डावीकडे फिरवली की खाली. दुसऱ्या वर्षापर्यंत भाऊंचा हात असा बसला, की मजल्याची फरशी आणि माझी फरशी यांच्यात एका नाण्याचाही फरक पडत नसे.

१ |

काही नाही. ओळ मात्र ठेवते. ती का ठेवायची, हे पुढे कळेल.

२ | ४ ८

चोविसाव्या वर्षी इमारतीच्या समितीनं भाऊंना गच्चीवर राहायला खोली बांधून दिली. माझी मोटारही गच्चीवरच असते, तिची वेगळी छोटी खोली आहे. तिला लागूनच भाऊंची खोली उभी केली. एक भिंत आयती मिळाली, तेवढ्या विटा वाचल्या. खोली नोकरीबरोबर होती: मुठीवर हात असेपर्यंत डोक्यावर छप्पर.

अठ्ठाविसाव्या वर्षी भाऊंचे गुडघे गेले आणि छाती भरून येऊ लागली. त्यांच्या जागी त्यांची बायको आली. तिला इमारतीनं नाव दिलं लिफ्टबाई.

लिफ्टबाईंचा हात भाऊंइतका हलका नव्हता, पण त्यांच्या दोन सवयी भाऊंकडे नव्हत्या. एक म्हणजे मी मधेच बंद पडले, की मनगटावरच्या घड्याळात बघून त्या मोठ्यानं मिनिटं मोजत. "एक झालं. दोन झाली." अडकलेल्या माणसाला त्यानं धीर येई. दुसरी सवय वहीची. मी कधी बंद पडले, कोणत्या मजल्याशी आणि किती मिनिटं, हे त्या लिहून ठेवत. 'पंधरा-वीस मिनिटं' असं त्यांनी कधी लिहिलं नाही. सोळा तर सोळा.

या वहीवरून त्यांना एकदा बोलणी बसली होती. दोन नोंदींच्या मधे एक ओळ मोकळी राहिली होती. समितीचे सचिव, ज्यांचा पहिल्या मजल्यावर छापखाना आहे, ते म्हणाले, "मोकळी ओळ म्हणजे चोरवाट. उद्या कुणीही त्यात काहीही घुसवेल." त्यांनी ती लाल शाईनं खोडली. तेव्हापासून लिफ्टबाईंनी कुठल्याच कागदावर एकही ओळ रिकामी सोडली नाही.

३ | ६ ७ ७ ७ ७

छत्तिसाव्या वर्षाच्या उन्हाळ्यात माझा जीव गुदमरायला लागला. याहून नीट मला सांगता येत नाही. चार फेऱ्या झाल्या, की वरून दोर ओढणारी ताकद एकदम नाहीशी व्हायची आणि मी असेन तिथे लटकायची. माझी मोटार वर, अंधाऱ्या खोलीत. मी खाली. तिला काय होतंय ते मला दिसत नाही. माणसालाही स्वतःचं काळीज कुठे दिसतं?

सदतिसाव्या वर्षी हे फारच वाढलं. अर्ध्या वर्षात वीस वेळा. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी एकदा सदतीस मिनिटं अडकल्या. बाहेर पडल्या तेव्हा त्यांनी मागे वळून माझ्या दाराला लाथ मारली. मिस्त्री यायचा, पण तो येईपर्यंत मी चालू झालेली असायची. तो दारांच्या खाचा पुसायचा, तेल सोडायचा, सही करायचा आणि जायचा.

मग तळमजल्यावर सूचना लागली. रविवारी सकाळी समितीची सभा. विषय एकच: लिफ्ट चालवणाऱ्या बाईंना कामावर ठेवावं की नाही.

त्या रविवारच्या तीन दिवस आधी एक बाई आत आल्या. हातात पर्स, गालावर दाबून धरलेला रुमाल. लिफ्टबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मुठीकडे पाहिलं.

"कितवा?"

"पाचवा. दाताचे डॉक्टर."

"हं. आमच्या इमारतीत यायला लोकांचा दातच दुखावा लागतो."

"वहिनी, दार लाव."

त्या लिफ्टबाईंच्या नणंद होत्या, भाऊंच्या थोरल्या बहीण. शाळेत गणित शिकवायच्या. सहा वर्षांपूर्वी चारचौघांत त्या म्हणाल्या होत्या, "आमचा भाऊ आयुष्यभर वर जात राहिला आणि राहिला तिथेच." सगळे हसले होते. लिफ्टबाई नव्हत्या हसल्या. तेव्हापासून येणंजाणं बंद.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे मी थांबले.

मित्रांनो, मी मुद्दाम थांबले असं शिवणवाल्या मावशी अजून सांगतात. मला तेवढी अक्कल असती तर मी एव्हाना

थांबा.

एवढंच असतं बघा ते. वाक्य अर्धं राहतं आणि आपण त्याच्या आत लटकून राहतो. समोर दार नसतं, नुसती वीट असते. वर चौथ्या मजल्याच्या उंबऱ्याखालून प्रकाशाची फट दिसते, तिच्यातून माणसांची पावलं जाताना दिसतात. हाक मारली तर पावलं थांबतात, पण खाली वाकून बघणारा क्वचितच.

"एक झालं," लिफ्टबाई घड्याळात बघून म्हणाल्या.

"हे काय?"

"मोजावं लागतं, ताई. नाही मोजलं तर माणसाला पाच मिनिटांचा तास वाटतो. मोजून सांगितली की पाचची पाचच राहतात."

"आता किती वेळ लागेल?"

"नऊच्या आत सुटली तर सुटली. नाही तर अर्धा तास धरून चाला."

गणिताच्या बाईंनी गालावरचा रुमाल काढला. "मधलं काही नाही? पंधरा, वीस?"

"नाही बाई. तसं कधी होत नाही."

"तुला कसं माहीत?"

"माहीत कसलं, अंगवळणी पडलंय." त्यांनी मूठ उजवीकडे दाबून पाहिली. मी हलले नाही. "चार झाली. बसा स्टुलावर. तुमच्या भावाचंच आहे."

बाई बसल्या नाहीत. "भाऊ कसा आहे?"

"वर आहेत. वर्ष झालं खाली उतरून. जिन्यानं गुडघे नाहीत आणि लिफ्टमधे दम नाही. मधेच बंद पडली आणि छाती भरून आली तर? म्हणून मीच नेत नाही."

"मला कळवायचंस."

"काय कळवायचं? वर गेला आणि राहिला तिथेच, एवढंच ना? ते तुम्हाला आधीच माहीत होतं."

लिफ्टबाई पुन्हा घड्याळाकडे वळल्या. नऊ मिनिटं झाली. दहा झाली. लिफ्टबाई म्हणाल्या, "आता अर्धा तास." मग जरा वेळानं, भिंतीला सांगावं तसं, त्यांनी सभेचं सांगितलं. सचिवांचं म्हणणं असं, की मशीन ठीक आहे, हाताळणाऱ्या बाईला कळत नाही, ती घोळ घालत बसते. नोकरी गेली की खोली गेली. "त्यांना घेऊन कुठे जाऊ? उतरवू तरी कशी?"

"वही दे."

"कशाला?"

"दे म्हणते ना. वाच त्यातली मिनिटं. नुसती मिनिटं, बाकी काही नको."

गणिताच्या बाईंच्या पर्समध्ये औषधाच्या गोळ्यांशेजारी खडूचे तुकडे होते. त्यांनी माझ्या हिरव्या पत्र्यावर उभी रेघ ओढली. डावीकडे एकाखाली एक लिहिलं: शून्य, एक, दोन, तीन.

"वाच."

"बत्तीस."

तीनच्या ओळीत त्यांनी दोन लिहिला. "पुढे."

"चार. पण चारमधे दहा कुठे आहेत?"

"नाहीत. म्हणून खोड शून्य. शून्यापुढे चार."

"शून्यालाही पानं फुटतात?"

"सगळ्यात जास्त त्यालाच फुटतात, वहिनी. वाच पुढे."

"सहा. चौतीस. पाच. एकतीस. ही तुमची खडू लागलेली बोटं बघून मला अजून शाळेतले सर आठवतात. दहावीत गणितानं माझं काय केलं होतं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. भाऊनं लग्नाआधीच सांगितलं होतं. म्हणाला, मुलीला गणित येत नाही, पण खोटंही येत नाही."

लिफ्टबाईंनी वहीतून मान वर केली. "असं म्हणाले?"

"वाच."

एकोणीस नोंदी झाल्या. मग गणिताच्या बाईंनी प्रत्येक ओळीतली पानं लहानापासून मोठ्यापर्यंत पुन्हा नीट लिहिली. एवढं होईपर्यंत वर माझी मोटार गारठली असावी. दोराला ताण आला, मी हलले. लिफ्टबाईंनी घड्याळ पाहिलं. "चौतीस झाली."

"मग हेही एक," म्हणून बाईंनी तीनच्या ओळीत आणखी एक चार बसवला. वीस नोंदी झाल्या. भिंतीवर हे उरलं:

० | ३ ४ ४ ५ ५ ६ ६ ७ ८ ९ ९
१ |
२ |
३ | १ २ २ ३ ४ ४ ५ ६ ७

"हे बघ. आलेख काढला तरी तुझा एकही आकडा हरवला नाही. वीसच्या वीस जण अजून भिंतीवर आहेत, आपापल्या मिनिटांसकट. आणि मधल्या दोन ओळी बघ. दहापासून एकोणतीसपर्यंत कुणीच नाही."

"ते तर मी मघाशीच म्हणाले."

"तू म्हणालीस, पण तुला ते ऐकू आलं नाही. अगं, तू घोळ घालत असतीस तर कधी बारा लागली असती, कधी वीस, कधी सव्वीस. माणसाचा घोळ सगळीकडे सांडलेला असतो. हा मधे एवढा खड्डा टाकून नाही पडत. इथे एक दुखणं नाहीच. दोन आहेत. आणि दुसऱ्याशी तुझ्या हाताचा काही संबंध नाही."

पाचवा मजला आला. दाताच्या डॉक्टरांच्या दाराला कुलूप दिसत होतं.

"गेले वाटतं," लिफ्टबाई म्हणाल्या. "आता?"

"आता काय. गच्चीवर घे."

रविवारी सकाळी तळमजल्यावर, माझ्या उघड्या दारासमोर, खुर्च्या मांडल्या होत्या. सचिव, शिवणवाल्या मावशी, आणखी चार-पाच जण. मिस्त्रीलाही बोलावलं होतं. तो हत्यारांच्या पिशवीवरच बसला होता. गणिताच्या बाई नव्हत्या, त्या दिवशी त्यांच्या शाळेत परीक्षा होती. "तू भिंतीवरचं कागदावर उतरवून दाखव, एवढं पुरे," असं त्या सांगून गेल्या होत्या.

सचिवांनी चष्मा लावला. "वीस वेळा बंद पडली. सगळ्यांची सरासरी साडेअठरा मिनिटं. पलीकडच्या इमारतीत पाच. त्यांची लिफ्ट आपल्यापेक्षा जुनी आहे. मग फरक कशाचा? मुठीवरच्या हाताचा. मला कुणाशी वैर नाही, मी आकडे बोलतोय."

"आकडे माझ्याकडेही आहेत," लिफ्टबाई म्हणाल्या आणि कागद पुढे केला. स्वच्छ, पट्टीनं रेघा मारलेला.

सचिवांनी तो वाचला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. "तीन, चार, चार… नऊ, नऊ, एकतीस, बत्तीस… सदतीस. अहो, हे तर माझंच म्हणणं झालं. तीन मिनिटांपासून सुरू झालं आणि चढत चढत सदतिसावर गेलं. म्हणजे दिवसेंदिवस तुम्हाला जास्तच वेळ लागतोय."

"तसं नाही. ते तारखेप्रमाणे नाहीये. लहान-मोठं लावलंय. आणि दुखणी दोन आहेत."

"कुठे आहेत दोन? मला सरळ एक रांग दिसतेय."

कागद हातोहात फिरला. शिवणवाल्या मावशी म्हणाल्या, "मी कुठे आहे यात?" लिफ्टबाईंनी शेवटच्या सातावर बोट ठेवलं. "बरं झालं, लिहिलंत," मावशी म्हणाल्या, पण त्यांनाही दोन दुखणी दिसली नाहीत.

लिफ्टबाई एकदा सचिवांकडे, एकदा मावशींकडे बघत राहिल्या. माझ्या आत माणसं अडकतात तेव्हा त्यांचे चेहरे असेच होतात, ते मला चांगलं ओळखू येतं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग सहज माझ्याकडे, माझ्या आतल्या भिंतीकडे. खडू अजून पुसला नव्हता.

भिंतीवर ओळी चार होत्या. कागदावर दोन.

ज्या ओळीत काही लिहायचं नाही, ती त्यांनी कागदावर ठेवलीच नव्हती. मोकळी ओळ म्हणजे चोरवाट. लाल शाईची शिकवण त्यांच्या हातात इतकी मुरली होती, की शून्याच्या ओळीला लागून त्यांनी थेट तीनची ओळ लिहिली होती, आणि त्या दोघींमधली वीस मिनिटांची सगळी रिकामी जागा गिळून टाकली होती.

"कागद चुकलाय," त्या म्हणाल्या. "दोन ओळी मी खाल्ल्या. सगळे जरा आत या. भिंत वाचा."

सचिव बसूनच राहिले. मिस्त्री मात्र उठला. तो आत आला, माझ्या भिंतीसमोर उभा राहिला आणि एकच्या आणि दोनच्या रिकाम्या ओळींवरून त्यानं बोट फिरवलं. खडू लागलाच नाही बोटाला.

"या दोन ओळींत काहीच नाही?"

"काहीच नाही."

"वीस मिनिटांचा एकही? अर्ध्या वर्षात?"

"एकही नाही. वही बघा."

तो स्टुलावर बसला. मग बाहेर खुर्च्यांकडे बघून म्हणाला, "साहेब, तुम्ही मला दर वेळी फोनवर सरासरी सांगत आलात. मीही शहाणा, साडेअठरा मिनिटांचा एकच रोग शोधत बसलो. साडेअठरा मिनिटं तर कुणीच अडकलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे वरची ओळ दाराची. दार नीट मिटलं नाही की थांबते, चार वेळा आपटलं की चालते. खालची ओळ मोटारीची. मोटार फार तापली की तिचा खटका पडतो, वीज आपोआप तुटते. ती थंड झाली की आपली आपण सुरू होते, आणि थंड व्हायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात तुम्ही मूठ फिरवा नाही तर डोकं आपटा, तिला पत्ता नसतो. या बाईंच्या हाताचा काही दोष नाही."

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. शिवणवाल्या मावशी म्हणाल्या, "मग मी उगीच यांना बोलले." सचिवांनी चष्मा काढून पुसला.

"पण तापते का एवढी, ते बघायला पाहिजे," मिस्त्री पिशवी उचलत म्हणाला. "चला वर. तिच्या खोलीला झरोका असेल ना एखादा? हवा कुठून जाते बघू."

लिफ्टबाईंनी दार लावलं, मूठ फिरवली आणि आम्ही निघालो. पहिला. दुसरा. तिसरा. त्यांचा हात मला नीट ठाऊक आहे. तिसऱ्यापासून तो गार पडत गेला. चौथ्याच्या जरा वर त्यांनी मूठ सरळ केली. मी थांबले.

"अडकली?" मिस्त्रीनं विचारलं.

"नाही. मी थांबवली."

त्यानं पिशवी खाली ठेवली.

"झरोका आमच्या खोलीत उघडतो," त्या म्हणाल्या. "मोटार चालू झाली की गरम वाफ थेट यांच्या उशाशी. दिवसभर खोकायचे. गेल्या उन्हाळ्यात मी त्यात जुनी गादी कोंबली. घट्ट. पुढे कपाट लावलं. मला वाटलं, यंत्राला काय, यंत्र आहे."

मित्रांनो, मला राग यायला हवा होता. वर्षभर मी गुदमरत होते, आणि माझ्या गळ्यात बोळा कुणी घातला, तर जिच्या हाताखाली मी चालत होते तिनंच. पण आत तीन फूट बाय चार फूट जागा असताना राग ठेवायलाही कोपरा लागतो. झरोका एकच होता. त्यातून एक तर भाऊंनी श्वास घ्यायचा, नाही तर मी. खोली बांधणाऱ्यांनी आमच्या दोघांत एवढंच ठेवलं होतं.

मिस्त्रीनं मान खाजवली. "एक करा. वर गेलो की गादी काढून टाका. मी लिहितो, जाळीला धूळ होती, साफ केली. धूळ आहेच, तेवढं खोटंही नाही. सभा तुमच्या बाजूनं आहे आत्ता."

त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत माणसं नेहमी लगेच नाही म्हणतात असं तुम्हाला वाचायला मिळतं. घड्याळात बघत त्या उभ्या राहिल्या. वरून भाऊंचा खोकला ऐकू येत होता. मग त्यांनी कोपऱ्यातली वही घेतली आणि माझ्या भिंतीला टेकवून लिहिलं. लिहिता लिहिताच म्हणाल्या, "वीस वेळा खरं लिहिलं म्हणून तुम्हाला आज काही दिसलं. एकविसावं खोटं लिहिलं, तर त्या विसांवर तरी कोण विश्वास ठेवेल?"

गादी निघाली तेव्हा जे वारं आत गेलं, ते मला खालपर्यंत कळलं.

तळमजल्यावर माणसं अजून बसलेली होती. लिफ्टबाईंनी वही सचिवांच्या हातात दिली. त्यांनी वाचलं. "म्हणजे नऊ वेळा लोक लटकले ते तुमच्या गादीमुळे."

"हो."

"काढून टाका मग यांना," मागून कुणीतरी म्हणालं.

मिस्त्री पिशवीची चेन लावत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "मोटारीच्या झरोक्यावर राहायची खोली कुणी बांधली?"

याचं उत्तर सचिवांना ठाऊक होतं. नकाशावर त्यांचीच सही होती. त्यांनी वही मिटली. मग त्यांनी निर्णय सांगितला: बाई कामावर राहतील, पण गच्चीवरची खोली आठ दिवसांत रिकामी करायची. राहायला तळमजल्यावरची जिन्याजवळची खोली, जिच्यात इमारतीचं जुनं सामान भरलेलं आहे. एक खिडकी, तीही रस्त्याकडे. हे त्यांनी शिक्षा म्हणून सांगितलं, आणि लिफ्टबाईंनी शिक्षा म्हणूनच ऐकलं.

३ | ८

आता मी अडतीस वर्षांची आहे. त्या गादीनंतर मी सहा वेळा बंद पडले. पाच, तीन, सात, चार, चार, सहा. सगळी पानं शून्याच्या ओळीत. तीनच्या ओळीत नवं पान आलेलं नाही, पण लिफ्टबाई ती ओळ वहीत लिहितात आणि तिच्यापुढे जागा सोडतात. सचिव ती जागा बघतात आणि लाल पेन काढत नाहीत.

मित्रांनो, जुनं यंत्र अडलं की त्याला लाथ मारू नका, आणि त्याच्यापाशी उभ्या असलेल्या माणसालाही नको. कधी अडलं, किती वेळ अडलं, एकेक करून लिहा. सगळ्यांची मिळून एक सरासरी काढली की प्रत्येक जण तिच्यात हरवतो, मग सदतीस मिनिटं लटकलेल्या बाईला तुम्ही काय सांगणार? जिथे काही घडलं नाही ती ओळही राहू द्या. आणि यंत्राचा झरोका एकदा उघडून बघा. तो दुष्ट माणसांनी बुजवलेला नसतो. बहुधा कुणाच्या तरी खोकल्यासाठी बुजवलेला असतो.

मी अजून याच खड्ड्यात आहे. मला इथून बाहेर काढायचं झालं, तर तुकडे करूनच काढतील. त्याचं मला आता फारसं वाटत नाही.

सामान हलवलं त्या दिवशी गणिताच्या बाई आल्या होत्या. भाऊंना त्यांनी एका बाजूनं धरलं, लिफ्टबाईंनी दुसऱ्या. वर्षभरानंतर ते माझ्यात बसले. डोळे गच्च मिटलेले. मी जितकं जपून उतरता येईल तितकं उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याजवळच्या खोलीचं दार उघडलं आणि काठी टेकत भाऊ एकटेच बाहेर आले. माझं दार उघडं होतं. ते माझ्यासमोरून हळूहळू गेले, दोन पायऱ्या उतरले, रस्त्यावर क्षणभर उभे राहिले आणि डावीकडे वळले. डावीकडे काय आहे, हे मला माहीत नाही.